मॅच संपते आणि डोकं धरतं

नमस्कार डॉक्टर,

मी २० वर्षांचा आहे. गाव लातूरकडचं. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि सदाशिव पेठेत एका जुन्या वाड्यात कॉट बेसिसवर राहतो. खोलीत आम्ही चौघं. मेसवरून जेवून आलो की साडेदहाला आमचा स्क्वाड ऑनलाइन येतो, मग दोन-अडीचपर्यंत खेळ चालतो. शनिवार-रविवारचे तास मोजत नाही, पण आठ-नऊ होत असतील. लॅपटॉप कॉटवर आणि मी भिंतीला टेकून, नाहीतर पालथा. बाकीचे झोपलेले असतात म्हणून कानाला हेडसेट आणि दिवाही बंद.

गेले तीन-चार महिने डोकं दुखतंय. कपाळात आणि दोन्ही डोळ्यांच्या मागे दाबल्यासारखं होतं, कधी मानेपासून वर चढत येतं. गंमत म्हणजे मॅच चालू असताना काही जाणवत नाही, लॅपटॉप मिटला की सुरू होतं. सोमवारी सकाळी तर उठवत नाही. मेडिकलमधून गोळी आणतो, तिने बरं वाटतं. आधी आठवड्याला एक लागायची, आता जवळजवळ रोज लागते. रूममेट म्हणतो, तुला नंबर लागलाय, ब्लू-कट चष्मा घे. आई फोनवर म्हणते, ते डबडं फेकून दे. (तिला स्वतःला अर्धशिशी आहे.) नेटवर शोधलं तर ट्यूमर निघाला. एमआरआय करून घेऊ का? आणि गेम कायमचा सोडावा लागेल का?

— डोकेधरे, सदाशिव पेठ

प्रिय डोकेधरे,

आडनाव झकास निवडलंस. पेठेत शोधलं तर या नावाची पाटी सापडेलही.

आधी ट्यूमरचं मिटवू, नाहीतर पुढचं काही तुझ्या डोक्यात शिरणार नाही. मेंदूच्या गाभ्याला स्वतःला दुखतच नाही, त्यात वेदना टिपणाऱ्या नसा नाहीत. डोकं दुखतं ते मेंदूवरच्या आवरणाचं, रक्तवाहिन्यांचं, टाळूच्या आणि मानेच्या स्नायूंचं, डोळ्यांचं, सायनसचं. आणि ट्यूमरला शनिवार-रविवार कळत नाही. तुझं दुखणं खेळाचे तास वाढले की वाढतं, लॅपटॉप मिटला की सुरू होतं, गोळीने थांबतं. एमआरआयच्या पैशात चांगली खुर्ची येईल, आणि तुला आज तिची गरज जास्त आहे. मात्र एकदा जवळच्या डॉक्टरांकडे जाऊन बीपी मोजून घे आणि डोळ्यात टॉर्चसारखं यंत्र धरून पडद्यामागची नस सुजलेली नाही ना, एवढं बघून घे. पाच मिनिटांचं काम आहे. डोक्यातला दाब वाढला असेल तर त्याची खूण बहुतेक वेळा तिथे दिसते.

आता कशावर थांबायचं नाही तेही सांगते. क्षणात कळस गाठणारी, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी. दुखण्याने झोपेतून जाग येणं, पहाटे उलट्या होणं, खोकताना किंवा वाकताना दुखणं भडकणं. ताप आणि मान ताठणं. एका बाजूचा हात-पाय लुळा वाटणं, बोलणं अडखळणं, दोन-दोन दिसणं, फिट येणं. गाडीवरून पडून डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. यातलं काहीही झालं तर या सदराला पत्र लिहीत बसायचं नाही, रिक्षा करून थेट हॉस्पिटल गाठायचं.

तुझं पत्र दोनदा वाचल्यावर लक्षात आलं की त्यात गेमचं नावच नाही. मला ते लागलंही नाही. त्या चार तासांत तू काय काय करायचं विसरतोस, त्यातच सगळं आहे.

पहिली विसरलेली गोष्ट म्हणजे पापणी. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा डोळे मिचकावतो. स्क्रीनकडे टक लावली की हा आकडा निम्म्यावर येतो, कधी तिसऱ्या हिश्श्यावर. कोपऱ्यातून कोण येतंय ते बघायचं असताना पापणी लवणार कशी? डोळ्यावरचा अश्रूंचा पातळ थर पापणीने पुन्हा पसरला नाही तर काही सेकंदांत फाटतो. वर गरगरणारा पंखा, त्यात पुण्याचा कोरडा एप्रिल. डोळे चुरचुरतात, मग आपण नकळत कपाळाला आठ्या घालून बारीक डोळ्यांनी बघतो, आणि चार तास आठ्या घातलेलं कपाळ दुखणारच.

दुसरी गोष्ट लांब बघणं. जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून डोळ्यातला एक इवलासा स्नायू आवळून धरावा लागतो, शिवाय दोन्ही बुबुळं नाकाकडे वळवून धरावी लागतात. मंडईतून भाजीची पिशवी घेऊन निघालो की वाटेत आपण हात बदलतो. या स्नायूंना हात बदलायला मिळत नाही. त्यांची सुटका एकाच प्रकारे होते, ती म्हणजे नजर लांब टाकून. दर २० मिनिटांनी २० फूट लांब २० सेकंद बघा, हा सल्ला तू ऐकला असशील. त्यातले २० फूट म्हणजे ६ मीटर. तेवढ्या अंतरापलीकडे बघताना हा स्नायू जवळजवळ पूर्ण सैल पडतो. नजर तपासायचा तक्ता ६ मीटरवर टांगतात आणि चांगल्या नजरेला ‘६/६’ म्हणतात, ते याच हिशोबाने. स्नेलन नावाच्या डच डॉक्टरने तो तक्ता १८६२ मध्ये केला. तुझी अडचण वेगळीच आहे. पेठेतल्या वाड्याची खिडकी उघडली की चार फुटांवर शेजारच्या वाड्याची भिंत! तेव्हा दोन मॅचच्या मध्ये, लॉबीत थांबलेला असताना, सरळ गच्चीत जा. तिथून पर्वती दिसत असेल तर उत्तम, नसेल तर लांबच्या इमारतीवरचा लाल दिवा बघ. परत येताना पाणी पी. स्क्वाडला एक मिनिट थांबता येतं.

रूममेट निम्मा बरोबर आहे. तुझ्या वयात प्लसचा छोटा नंबर लपून राहू शकतो, कारण डोळ्याचं भिंग तरुण असतं आणि जोर लावून सगळं स्पष्ट करून दाखवतं. दिसतं छान, पण जोर लावून लावून कपाळ दुखतं. चष्म्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरच्या झटपट तपासणीत हा नंबर निसटू शकतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासणी करून घे. ससूनच्या नेत्र विभागातही ती होते. थेंब घातल्यावर काही तास जवळचं धूसर दिसतं, म्हणून सबमिशनच्या आदल्या दिवशी जाऊ नकोस. जायच्या आधी घरच्या घरी एक करून बघ. पेन्सिलचं टोक हातभर अंतरावरून हळूहळू नाकाकडे आण. १० सेंटिमीटरच्या आत यायच्या आधीच दोन टोकं दिसू लागली, तर डोळे जवळ वळवायची ताकद कमी पडते आहे. डॉक्टरांना हे सांग. त्याला व्यायाम असतात आणि ते लागू पडतात.

ब्लू-कटचं, म्हणजे स्क्रीनचा निळा प्रकाश अडवणाऱ्या भिंगाचं म्हणशील, तर ते पैसे ठेव. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या, आणि साध्या भिंगापेक्षा या भिंगाने डोळ्यांचा शीण कमी होतो असं त्यांना दिसलं नाही.

आता माझ्या मते मुख्य आरोपी, म्हणजे मान. डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. सरळ बसलं की ते मणक्यावर तोललेलं असतं, मानेला फारसं काम पडत नाही. पुढे झुकलं की हिशोब बदलतो. न्यूयॉर्कमधले मणक्याचे सर्जन केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणिती मॉडेल मांडून दाखवलं की डोकं ६० अंश झुकलं तर मानेवर जवळपास २७ किलोंचा भार येतो. मॉडेलचा आकडा आहे, माणसागणिक थोडं इकडे-तिकडे होणार. पण गव्हाच्या अर्ध्या पोत्याला मानेवर घेऊन तू रँक वाढवतोयस, एवढं चित्र डोळ्यासमोर आण. पालथं पडून खेळतोस तेव्हा उलटं होतं. मान मागे मोडते आणि कवटीच्या तळाशी असलेले छोटे स्नायू चार तास आवळलेले राहतात.

तू विचारशील, मान दुखायला हवी, डोळ्यामागे का दुखतं? मानेच्या वरच्या तीन नसा आणि कपाळ-डोळे-चेहऱ्याची संवेदना नेणारी मोठी नस, या सगळ्यांचे निरोप मेंदूच्या देठाशी एकाच ठाण्यावर पोचतात. स्वारगेटला दोन एसट्या एकाच वेळी फलाटाला लागल्या, तर उतरलेल्या गर्दीत साताऱ्याहून आलेला कोण आणि सोलापूरहून आलेला कोण, हे लांबून ओळखता येत नाही. मेंदूचं तेच होतं. निरोप मानेकडून आलेला असतो आणि तो समजतो कपाळाकडून आला. आत्ता वाचता वाचता दोन्ही अंगठे कवटीच्या खाली, जिथे मान सुरू होते त्या खळग्यांत ठेव आणि दाब. दाबताना तुझं ते ओळखीचं दुखणं कपाळात उमटलं, तर मानेचा हात आहे असं समजायला हरकत नाही. मी हे अनुभवाने सांगते. लॉकडाऊनमध्ये दोन महिने ओट्यावर फोन टेकवून व्हिडिओवर पेशंट बघत होते, मान खाली घालून. तिसऱ्या आठवड्यात डोळ्यांमागे असं काही दुखायला लागलं की मीच स्वतःचा चष्मा दोनदा तपासून घेतला. शेवटी फोनखाली साबुदाण्याचे दोन डबे ठेवले आणि उतार पडला.

हेडसेटचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. डोक्यावर घट्ट काही बसलं की तासाभरात दुखायला लागतं आणि काढल्यावर तासाभरात थांबतं, अशी डोकेदुखी वैद्यकाच्या यादीत स्वतंत्र नोंदलेली आहे. चष्म्याच्या काड्या हेडसेटखाली दाबल्या जात असतील तर आणखी वाईट. पट्टी सैल कर, नाहीतर साधे इअरफोन वापर. त्याच यादीत घट्ट हेल्मेटही आहे, हे मी जरा घाबरतच लिहिते. उद्या कोणी पुणेकर हे सदर कापून चौकातल्या हवालदाराला दाखवायचा. योग्य मापाचं हेल्मेट दुखत नाही. घालायचं.

मॅच चालू असताना का दुखत नाही, हे तू गंमत म्हणून लिहिलंस, पण मला तेच सगळ्यात कामाचं वाटलं. लक्ष दुसरीकडे पूर्ण गुंतलं की मेंदू दुखण्याचे निरोप मागे ढकलतो. भांडणात लागलेलं घरी आल्यावर दुखतं, तसंच. म्हणजे दुखणं अडीच वाजता सुरू होत नाही, ते साडेअकरापासून जमत असतं, तुला कळतं अडीचला. म्हणूनच ‘दुखायला लागलं की उठेन’ हा नियम तुझ्या उपयोगाचा नाही. उठायचं ते घड्याळाकडे बघून.

सोमवार सकाळचं कोडं सोपं आहे. शनिवार-रविवारी तू उजाडता झोपतोस आणि दुपारी उठतोस. पोटात सकाळचं काही नाही. एरवी आठला अमृततुल्यमध्ये होणारा चहा एकला होतो. रोज चहा-कॉफी लागणाऱ्या माणसाला शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत नुसत्या तलफेनेही डोकं धरतं. रात्री जागं राहायला एनर्जी ड्रिंक घेत असशील (पत्रात नाही, पण माझा अंदाज फारसा चुकत नाही), तर २५० मिलीच्या डब्यात ७५ मिलिग्रॅमच्या आसपास कॅफीन असतं. पोटात गेलेलं कॅफीन निम्मं व्हायलाच पाच-एक तास लागतात. बाराला डबा फोडलास तर पाचला निम्मा अजून अंगात. मग सोमवारी आठच्या लेक्चरला तू उठणार कसा?

इथे तुझ्या आईचा विषय येतो. अर्धशिशी घराण्यातून येते. उपास, जागरण, झोपेची बदललेली वेळ, लखलखता उजेड या सगळ्यांनी ती चाळवते. तू वर्णन केलेलं दुखणं दोन्ही बाजूंचं आणि दाबल्यासारखं आहे, म्हणून आत्ता ते मला तणावाच्या डोकेदुखीसारखं वाटतं. पण कधी एकाच बाजूला ठणकलं, मळमळलं, उजेड-आवाज नकोसा झाला, दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकल्या, तर डॉक्टरांना ते आणि आईचं दोन्ही सांग. अर्धशिशीचे उपचार वेगळे आहेत आणि चांगले आहेत.

आता गोळी. खरं सांगते, तुझ्या पत्रात मला गेमपेक्षा ‘जवळजवळ रोज’ हे दोन शब्द जास्त टोचले. डोकेदुखीची साधी गोळी महिन्यातून १५ किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं, तर गोळीचीच डोकेदुखी सुरू होते. दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळीला ही मर्यादा १० दिवसांची आहे. उतार पडला की मेंदू पुढची गोळी मागतो, आणि तो ती दुखण्याच्या भाषेत मागतो. स्ट्रिप उलटी करून बघ, कॅफीन लिहिलेलं असू शकतं. असेल तर चहा, डबा आणि गोळी, तिन्हीकडून तेच. वर मेसचं जेवण चुकवून रिकाम्या पोटी घेतलेली काही प्रकारची वेदनाशामक गोळी जठराला सोलून काढू शकते ते वेगळंच. डॉक्टरांना भेट, रोज घेतोस हे न लाजता सांग आणि त्यांच्या सल्ल्याने बंद कर. पहिले काही दिवस, कधी आठ-दहा, दुखणं आधीपेक्षा वाढेल. बहुतेक जण तिथेच हार मानतात आणि पुन्हा मेडिकलच्या पायऱ्या चढतात. परीक्षा नसलेला आठवडा निवड.

गेम सोडायचा का? डोकेदुखीसाठी तरी नाही. कॉटवरून मात्र उठायचं. जुन्या बाजारातलं एखादं टेबल आण, नाहीतर खोलीतलंच वापर. लॅपटॉपखाली जाडजूड पुस्तकं रचून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आण, खाली वेगळा कीबोर्ड आणि माउस. तिसऱ्या वर्षाच्या पुस्तकांचा एवढा तरी उपयोग होऊ दे. पाय जमिनीला, पाठ टेकलेली. अंधारात स्क्रीन डोळ्यांवर मारा करते, म्हणून स्क्रीनच्या मागे भिंतीकडे तोंड करून छोटा दिवा लाव, रूममेटच्या डोळ्यांवर येणार नाही. खेळताना गरगरत किंवा मळमळत असेल तर सेटिंगमध्ये मोशन ब्लर आणि कॅमेरा शेक बंद कर, दृश्याचा कोन थोडा रुंद कर. डोळे सांगतात पळतोय आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो बसलोय, त्या भांडणाने गरगरतं. आठवड्यात एक वाजता बंद. शनिवारी हवं तर थोडं उशिरा, पण रविवारी उठायची वेळ रोजच्यापेक्षा तासाभराहून जास्त पुढे ढकलायची नाही.

एक प्रश्न तुझा तूच स्वतःला विचार, उत्तर मला कळवायची गरज नाही. बंद करायचं ठरवून बंद होतं का? हजेरी, विषय, गावाकडचे फोन मागे पडत असूनही खेळ वाढतच चाललाय का? जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलं ते अशाच खुणांवर, आणि त्याही साधारण वर्षभर टिकलेल्या असल्या तर. उत्तर ‘हो’ आलं तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

एक वही कर. किती वाजता झोपलास, काय खाल्लंस, किती तास खेळलास, चहा किती, गोळी घेतलीस का आणि दुखलं का, एवढंच, महिनाभर. डॉक्टरांना ती वही कोणत्याही स्कॅनपेक्षा जास्त सांगेल. आईला ‘डबडं फेकलं’ असं खोटं सांगू नकोस, टेबल आणलं ते सांग. आणि रविवारी रात्री पेठेतल्या बहुतेक मेस बंद असतात, तुझा सगळ्यात लांब खेळही त्याच रात्री. तेव्हा सातच्या आत चौघांनी मिळून कुठेतरी भाजी-पोळी खाऊन या, स्क्वाड नंतर जमवा.